रिक्षा बाहेरच थांबवा!

मैत्रिणींनो, पार्किंगचा विषय निघाला की आपल्यापैकी बऱ्याच जणी पान उलटतात. तो गाडीवाल्यांचा प्रश्न, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुरुषांनी भांडायचा प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध? हा समज घालवायचा असेल तर एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या फाटकाशी सकाळी ओपीडीच्या वेळेला अर्धा तास उभं राहून पाहावं.

साहेबांची गाडी येते, साखळी खाली पडते. पांढरपेशा कुटुंबाची मोटार येते, आत कोण आहे हे न पाहताच हात हलतो, ‘जाऊ दे’. मग रिक्षा येते. मागे पोट धरून बसलेली बाई, शेजारी तिची सासू किंवा आई, पायाशी पिशवी, थर्मास, गोधडी. ‘रिक्षा बाहेरच थांबवा!’ तिथून बाळंतपणाचा वॉर्ड दोन-तीनशे पावलं. कळा येताहेत आणि बाई चालते आहे. मध्ये एकदा भिंतीला टेकते, एकदा उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटला. व्हीलचेअर असते, पण ती आत, ओळखपत्र ठेवून घेतल्यावर मिळणारी. म्हणजे खुर्ची आणायलाही आधी कुणीतरी चालत आत जायला हवं.

त्या ‘कुणीतरी’पाशीच सारा सवाल येऊन थांबतो. पेशंटला दारात उतरवा आणि गाडी लांब लावून या, अशी आपल्याकडच्या रुग्णालयांची रीत आहे. यात माणसं किती लागतात? एक पेशंट, एक तिला धरून बसणारं, एक गाडी नेणारं. म्हणजे सोबत दोघं हवीत, आणि त्यातला एक स्टिअरिंगवर बसलेला कर्ता पुरुष असणार हे गृहीत आहे. प्रत्यक्षात दवाखान्यात कोण येतं? आईबरोबर मुलगी, सासूबरोबर सून, मुलाला कडेवर घेतलेली एकटी आई. आमच्या गटातली एक मैत्रीण डायलिसिसवर असलेल्या आईला आठवड्यातून दोनदा स्कूटीवरून नेत असे. स्कूटी आत न्यायला परवानगी नाही. बाहेर लावायची तर रस्ता ओलांडून पलीकडे, तीही जागा मिळाली तर. तेवढा वेळ आई फाटकाबाहेर फळवाल्याच्या स्टुलावर. परतताना डायलिसिसनंतर चक्कर येणाऱ्या आईचं पुन्हा तेच. रुग्णालयाचं नाव इथे देत नाही, कारण तुम्हा प्रत्येकीच्या गावात ते आहे.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर घरांपैकी एकवीस घरांत दुचाकी होती आणि मोटार पाचांहूनही कमी घरांत. त्यानंतर गाड्या वाढल्या आहेत, मान्य. पण सरकारी रुग्णालयाच्या दारात येणारी बाई आजही प्रामुख्याने एसटीने, लोकलने, काळी-पिवळीने, शेअर रिक्षाने येते. आवारातली सगळ्यात मोठी मोकळी जागा मात्र मोटारींची. ‘पार्किंग अपुरं आहे’ अशी तक्रार झाली की आणखी जागा मोटारींनाच मिळते. रिक्षातून उतरणाऱ्या बाईची तक्रार कुठे नोंदलीच जात नाही, कारण तिच्याकडे ‘पार्क’ करायला काही नाही!

कायदा काही मुका नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना जाता आलं पाहिजे असं सांगतो. इमारतींच्या नियमांत अपंगांसाठी प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत दोन मोटारींची जागा राखायची तरतूद आहे. चांगली आहे. पण इथेही नियमाच्या मनात मोटारच. कुबड्या घेऊन रिक्षाने येणारी बाई या ३० मीटरांत कुठे बसते?

मुंबईत तर फाटक रुग्णालयाच्याही आधी लागतं. रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे शहरात जाऊ शकत नाही. मोठी रुग्णालयं मात्र पुढे: परळला केईएम, वाडिया, टाटा, भायखळ्याला जेजे. गोवंडी-मानखुर्दची बाई घरापासून रिक्षाने निघाली तर सायनला उतरून टॅक्सी शोधते, नाहीतर गर्दीच्या लोकलमध्ये चढते. केमोथेरपी घेतलेल्या बाईने उलटी आवरत लोकलच्या दांड्याला लटकायचं, आणि याला म्हणायचं वाहतुकीचं नियोजन.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून गरोदर बाईला घरून सरकारी रुग्णालयात नेणं, गरज पडल्यास दुसऱ्या रुग्णालयात हलवणं आणि बाळंतपणानंतर घरी सोडणं, तिन्ही मोफत आहे. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. हे सगळं हक्काने घ्यायलाच हवं. पण एसटीचे वाचलेले पैसे स्टँडपासून रुग्णालयापर्यंतच्या रिक्षात जातात. आणि घरी सोडणारी गाडी? कार्यकर्त्या सांगतात, आणताना धावपळ होते, सोडताना ‘गाडी बाहेर गेलीय, थांबा’. चार दिवसांची बाळंतीण, टाके ओले, बाळ छातीशी, फाटकाबाहेर रिक्षावाल्याशी भाव करते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: रिक्षा आत सोडल्या तर रुग्णवाहिका अडकतील. अडकतील, आत मोटारी दोन रांगांत उभ्या असतील तर अडकतीलच! दारात येणारी, उतरवून लगेच बाहेर जाणारी रिक्षा वाट अडवत नाही. दिवसभर सावलीत उभी असलेली मोटार अडवते. दुसरं उत्तर सुरक्षेचं. डॉक्टर आणि परिचारिकांवर हल्ले होतात, हे खरंच आहे, आणि त्यांच्या सुरक्षेच्या लढ्यात आपण त्यांच्याबरोबर आहोत. पण कळा देणाऱ्या बाईला बाहेर उतरवून कोणती परिचारिका सुरक्षित झाली? त्यापेक्षा रात्रपाळीला येणाऱ्या बायकांच्या वाटेवर आणि गाड्यांच्या तळावर दिवे लावा. फाटकावरच्या रखवालदाराशी भांडूनही उपयोग नाही. तो कंत्राटी, तुटपुंज्या पगाराचा. रिक्षा आत सोडली तर बोलणी त्यालाच खावी लागतात.

भांडायचं ते रुग्ण कल्याण समितीशी. सरकारी रुग्णालयांना अशी समिती असते, तिच्या हाती थोडाफार निधीही असतो. पेशंट असलेली रिक्षा दारापर्यंत आलीच पाहिजे. व्हीलचेअर आणि ती ढकलणारा माणूस फाटकाशी हवा, ओळखपत्राच्या अटीशिवाय. एकट्या बाईची दुचाकी दाराजवळ लावू द्यायला हवी. मोटारी, साहेबांच्या धरून, मागच्या बाजूला. यातल्या कशालाही मोठं बजेट लागत नाही. मोटारी हलवायला मात्र हिंमत लागेल.

प्रत्येक गटाने आपल्या गावच्या फाटकाशी एक सकाळ बसावं. किती बायका चालत आत गेल्या, त्यातल्या किती गरोदर, किती जणी एकट्या, किती मोटारी आत, किती रिक्षा बाहेर, हे वहीत लिहावं. फाटकापासून वॉर्डापर्यंतची पावलं मोजावीत. ती वही घेऊन समितीकडे जा आणि तिची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात गावागावांची पावलं छापू.