वणव्याचा धूर आणि वनमजुराची छाती

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा जीव गेला. साकोलीजवळच्या या जंगलात बहुतेक वणवे माणूसच लावतो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला पालवी चांगली फुटते म्हणूनही आग लावतात. विझवायला मात्र रोजंदारीवरचा मजूर जातो, नाकाला दुपट्टा बांधून.

दुपट्ट्याने धुरातले अतिसूक्ष्म कण अडत नाहीत. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. एन-९५ मास्क ते बरेचसे रोखतो, पण कार्बन मोनॉक्साइडपुढे तोही निरुपयोगी. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. करोनाकाळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर इथे चक्क फसवते. माणूस गुंगीत असतो आणि आकडा ९८ दिसतो! डोके ठणकणे, मळमळ, बोलण्यात गोंधळ दिसला, की ऊन लागले समजून लिंबूपाणी पाजत बसू नये. आधी मोकळी हवा, मग ऑक्सिजन आणि तातडीने रुग्णालय.

२०२३ मध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर पसरला, तेव्हा जगभर चर्चा झाली. नागझिऱ्याच्या धुराची चर्चा साकोलीतही होत नाही. आग कुठे लागली हे उपग्रहामुळे वनखात्याला लवकर कळते. त्या आगीपुढे पाठवलेल्या मजुराची छाती हंगामाआधी तपासलेली असावी आणि त्याच्या गाडीत ऑक्सिजनचे सिलिंडर असावे, ही मागणी मोठी नाही. हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. तपासणी जानेवारीतच व्हायला हवी.