कोयता निघण्याआधी

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात बांधाबांध सुरू झालेली असेल. राणीसावरगाव, पिंपळदरी, कोद्रीकडच्या वाड्या-तांड्यांवर दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, ताडपत्री, ज्वारीचे पोते, शेळी, लेकरे असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो आणि माणसे सातारा-सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे निघतात. राज्यभरात ऊसतोडीला जाणाऱ्यांचा आकडा आठ-दहा लाखांच्या घरात सांगितला जातो. आपल्या तालुक्यात दिवाळी हा निरोपाचाही सण आहे. म्हणून यंदाचे संपादकीय या निघालेल्या माणसांच्या हृदयाविषयी आहे.

पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आधी, माघ-फाल्गुनात कधीतरी एखाद्या तांड्यावर फोन येतो. मोळी टाकली आणि खाली बसला, उठलाच नाही. गाव म्हणते, झटका आला, आयुष्य तेवढेच होते. मागच्या चोवीस तासांत त्या माणसाने काय काम केले, किती झोपला, किती पाणी प्याला, हे कोणी विचारत नाही.

ते काम असे असते. पहाटे तीन-चारला कोप सोडायची. ऊस बुडख्याला तोडायचा, पाचट सोलायचे, शेंडा छाटायचा, वाढ्यांनी मोळी बांधायची. दुपारी उन्हात तेच. रात्री अकराला ट्रक आला तर अंगावरची वाकळ फेकून भरणीला जायचे. पंचवीस-तीस, कधी चाळीस किलोची मोळी डोक्यावर, ट्रकला तिरपी टेकवलेली अरुंद फळी आणि हेडलाइटचा उजेड. फळीच्या वरच्या टोकाला माणूस श्वास रोखून मोळी आत लोटतो, तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या दिसतात. श्वास रोखून ओझे उचलताना रक्तदाब एकदम चढतो, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. ज्याचा दाब आधीच १८० आहे आणि त्याला ते माहीतच नाही, त्याच्यासाठी फळीवरची प्रत्येक खेप जोखमीची असते. त्यात पाणी कमी, झोप कमी आणि भूक मारायला गालात तंबाखूची चिमूट.

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: राबणाऱ्याला कुठला आलाय हार्टॲटॅक, तो खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार. या समजाला एका चांगल्या संशोधनाचा आधारही मिळतो. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या बसगाड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पण जिना चढणे वेगळे आणि सहा महिने मोळ्या वाहणे वेगळे. डेन्मार्कच्या आंद्रेयास होल्टरमान आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोपनहेगन परिसरातल्या १ लाख ४ हजार लोकांची माहिती तपासली. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका कमी निघाला, तर पोटासाठी अंगमेहनत करणाऱ्यांचा वाढलेला निघाला. फिरायला गेलेला माणूस दमला की थांबतो. फडावर थांबणे आपल्या हातात नसते, आणि रात्री उतरायला हवा तो दाबही मग नीट उतरत नाही.

नुसते तासही घातक ठरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात आणि हृदयविकाराने दगावली. २०२४ मध्ये पुण्यातल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले, आणि कामाच्या तासांवर बोलणे सुरू झाले. त्या आईचे दुःख आपले मानू. फडावर गेलेल्याच्या आईला मात्र पत्र लिहायला कंपनीचा पत्ताच नसतो. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी नुसता मध्यस्थ.

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टचा हृदयविकार असलेला एक पहारेकरी कामावर असताना मरण पावला. त्याच्या विधवेच्या दाव्यात १९५०च्या दशकात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आजार आधीचा असला तरी कामाच्या श्रमाने मृत्यूला हातभार लागला असेल, तो लवकर ओढवला असेल, तर मालक भरपाईला बांधील आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हजारावर किलोमीटर ट्रक हाकत गेलेल्या चालकाच्या घरच्यांना भरपाई दिली. मात्र २००७ मध्ये एका क्लीनरच्या वारसांना ती नाकारली होती, कारण कामाच्या ताणाचा पुरावा समोर नव्हता. पुरावा नोंदीतून उभा राहतो, आणि फडावर नोंद होते ती फक्त टनांची आणि उचलीची.

उचलीवरून खाड्याकडे येतो. आजारी पडून एक दिवस बसले तर खाडा लागतो, पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त. छातीत कळ आली तरी माणूस म्हणतो, उसण भरली असेल. बाई म्हणते, पित्त झाले. बायकांमध्ये हृदयाचे दुखणे पुष्कळदा दम, मळमळ, पाठ-जबड्याची कळ अशा रूपात येते, त्यामुळे ते आणखी उशिरा कळते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर राज्यभर आवाज उठला. त्यात एक धागा राहून गेला. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली तर पाळी अकाली जाते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशीत शस्त्रक्रिया झालेली बाई चाळिशीत मोळी वाहते आहे, तिचा बीपी कोण पाहतो?

हे सगळे टाळता येण्याजोगे आहे, म्हणून जीव तुटतो. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोरच्या ऊसतोडीत मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत होती. तिथे २०१४-१५च्या हंगामात मजुरांना पाठीवरच्या पिशवीत पाणी दिले, ठरलेल्या वेळी विश्रांती दिली, हलवता येणारी सावली उभारली, कोयतीही सुधारली. माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. विसाव्याने काम बुडते म्हणणाऱ्या प्रत्येक मुकादमाला हा आकडा सांगितला पाहिजे. आपली जनाबाई याच गंगाखेडची. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. श्रम वाटून घेण्याची ही शिकवण आपण पालखीपुरती ठेवली.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्याचे दहा आणि सरकारचे दहा रुपये ठरले आहेत. तिशीनंतरची बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते, रक्तदाबाची गोळीही मिळते. बीडमध्ये मजुरांना आरोग्य कार्डे देण्याचा, टोळीतल्याच बायकांना आरोग्यसाथी म्हणून तयार करण्याचा प्रयत्न झाला आहे. परभणी जिल्ह्याने तो उचलावा. ट्रक निघण्याआधी तांड्यावर जाऊन दाब मोजावा आणि पुरेल इतकी गोळी हातात द्यावी. आजारपणाचा खाडा बंद करावा. दिवसभर तोड केलेल्या टोळीला त्याच रात्री भरणीला लावू नये.

तालुक्यातल्या डॉक्टरांकडे एक मागणे आहे. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली वैद्यांना सांगितले होते की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. येत्या पंधरवड्यात ऊसतोडीचा माणूस समोर आला तर केसपेपरवर बीपीच्या शेजारी एवढे लिहा: तोड किती तास, रात्रीची भरणी असते का, मोळी घेऊन चढताना छाती भरते का. कागद त्याच्याच हाती द्या, म्हणजे फाल्गुनात कराडच्या किंवा गोकाकच्या दवाखान्यात रात्री दोनला त्याला नेले, तर तिथल्या डॉक्टरला ईसीजी काढायला उशीर होणार नाही.