जुन्या सायकलींचा न्याय

कामोठ्यातील गृहनिर्माण संस्थांच्या जिन्यांखाली गंजत पडलेल्या काळ्या सायकली वार्षिक सभेच्या एका ठरावाने 'बेवारस' ठरून भंगारवाल्याच्या हवाली होतात, ही गोष्ट मला मनापासून खटकते. कारण ती सायकल आसनसोलची सेन-रॅले असो वा मद्रासनजीक अंबत्तूरला घडलेली हर्क्युलिस, तिची पोलादी फ्रेम अजून एका पिढीची सेवा करण्यास बहुधा समर्थ असते.

पुण्याच्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी सायकलींचे जे संग्रहालय उभारले, ते कार्य वंदनीयच आहे. परंतु ज्या सायकलीला रोज मानसरोवर स्थानक गाठायचे आहे, तिची निकड निराळी. सळ्यांच्या ब्रेकचे रबर पोलादी रिमला आतून घासते आणि कोकणच्या पावसात ओल्या पोलादावर त्याची पकड जवळजवळ नाहीशी होते. ॲल्युमिनियमची रिम वजनाने हलकी आणि ओली असतानाही अधिक विश्वासाची. म्हणून भार कमी करायचा तो प्रथम चाकांचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हे काम वाटते तितके सरळ नाही. जुन्या हबांना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, आजच्या रिमा बहुधा ३६ छिद्रांच्या. शिवाय जुन्या रिमेचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर प्रचलित रिमेचा ६२२, त्यामुळे ब्रेकचे रबर साडेसहा मिलिमीटर अधिक खोल पोहोचावे लागते. अशा वेळी फ्रेमला छिद्र पाडण्याचा मोह आवरावा आणि हबातच ब्रेक असलेली चाके शोधावी, मग थोडे वजन वाढले तरी चालेल. १९३६ साली निघालेला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब मिळाला, तर उड्डाणपुलाच्या चढावर पाय एक-चतुर्थांश हलका पडतो आणि सायकलीचे मूळ रूपही ढळत नाही. काढलेला प्रत्येक भाग, अगदी कॉटर पिनसुद्धा, तेल लावून जपून ठेवावा. पुढच्या धन्याला ती सायकल पूर्ववत करण्याचा हक्क आहे.

छर्रे बदलून चाकाचा आउट काढणारे जुने मिस्त्री अजून पनवेल परिसरात आहेत. संस्थांच्या कार्यकारिणींनी भंगाराचा ठराव मंजूर करण्यापूर्वी रहिवाशांना महिनाभराची रीतसर नोटीस द्यावी, आणि त्या मुदतीत अशा एखाद्या मिस्त्रीला बोलावून कोणती फ्रेम शाबूत आहे, याची पाहणी करून घ्यावी.