सही न करणाऱ्याचे ऋण

ल्यूथर मार्टिन (1748–1826) या मेरीलँडच्या वकिलाचे नाव निघाले की अमेरिकेच्या राज्यघटनेविषयी लिहिणारी मंडळी दोन गोष्टी हमखास सांगतात. तो दारू फार पीत असे, आणि 1787च्या फिलाडेल्फिया परिषदेत त्याने तीन तासांहून अधिक वेळ भाषण करून सर्वांना जेरीस आणले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण 1778पासून सलग सत्तावीस वर्षे राज्याचा महाधिवक्ता राहिलेल्या माणसाची एवढ्यावर बोळवण करणे, हा आम्हांस वैचारिक आळस वाटतो. वक्त्याचा कंटाळा आला म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही.

गुलामांच्या आयातीवर 1808पूर्वी बंदी घालता येणार नाही, अशी तरतूद घटनेत आली. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या देशाला ती लाजिरवाणी आहे, असे मार्टिनने परिषदेत बजावले. नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत नाही, याबद्दलही त्याने पुढे जाहीरपणे टीका केली. ती सनद 1791 साली जोडावीच लागली. घटनेवर 39 जणांनी सह्या केल्या; मार्टिन त्याआधीच परिषद सोडून गेला होता.

तो स्वतः गुलाम बाळगून होता, हे आम्ही झाकू इच्छित नाही. परंतु सह्या करणाऱ्यांतही गुलामांचे मालक कमी नव्हते. हा कलंक मोजायचा तर दोन्ही बाजूंचा मोजावा. केवळ हरलेल्याच्या नावे मांडू नये.

आणि तो खरोखर हरला काय? राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसला देण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला, तेव्हा संघराज्याचे कायदे राज्यांतील न्यायालयांवर बंधनकारक राहतील, असा पर्याय मार्टिननेच मांडला. परिषदेने त्याची व्याप्ती वाढवली आणि त्यातून घटनेतील सर्वोच्चतेचे कलम घडले. 1819 साली ‘मॅकलक विरुद्ध मेरीलँड’ खटल्यात, पुन्हा महाधिवक्ता झालेला मार्टिन राज्याच्या वतीने उभा राहिला. सरन्यायाधीश मार्शल यांनी त्याच कलमाच्या आधारे राज्याविरुद्ध निकाल दिला. ज्या घटनेवर त्याची सही नाही, तिच्यात त्याचा हात असा आहे.

पुढे पक्षाघाताने तो खचला. 1822 साली मेरीलँडने राज्यातील प्रत्येक वकिलाकडून वर्षाला 5 डॉलर घेऊन त्याच्या चरितार्थाची सोय करणारा ठराव केला. तो पुढच्याच वर्षी रद्द झाला. विधिमंडळाला ऋण फेडवले नाही. इतिहासकारांनी निदान ते मान्य तरी करावे.