दोन चंद्रभागा आणि एक दार

वर्षभर या सदराच्या वाट्याला पाऊण पान येते. दिवाळी अंक आला की आमचे संपादक उदार होतात आणि "यंदा जरा ऐसपैस लिहा" म्हणून सांगतात. या वेळी त्यांनी विचारले, "काय देणार?" मी म्हणालो, "माफीपत्र." ते एकदम घाबरले. त्यांना वाटले, कुणाची तरी नोटीस आली! तसे काही नाही, हे पटवून देताना दोन कप चहा खर्ची पडला.

माफी मागायची आहे ती एका वाक्याबद्दल. २०११ सालच्या जून महिन्यात मी हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात जाऊन आलो आणि याच जागी लिहिले, 'रोहतांगची खिंड हे या देवघराचे जड दार आहे. ते सहा महिने बंद राहते, म्हणूनच आतला नंदादीप विझला नाही.' वाक्य वाचकांना आवडले. पत्रे आली. एका शिक्षकांनी ते शाळेच्या फळ्यावर लिहिल्याचे कळवले. खरे सांगायचे तर ते मलाही फार आवडले होते. चांगले वाक्य सुचले की ते खरे आहे की नाही हे तपासण्याची आम्हा लिहिणाऱ्यांना शुद्ध राहत नाही!

या जिल्ह्याकडे मला ओढले ते एका नावाने. चंद्रभागा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंढरपूर उभे राहते. तिथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. पण लाहौलमध्ये दुसरी चंद्रभागा आहे आणि ती खरोखरच दोन नद्यांची मिळून झाली आहे. बारालाचा खिंडीच्या परिसरात चंद्रा आणि भागा या दोघी उगम पावतात. भागा सरळ नैर्ऋत्येकडे उतरते. चंद्रा आधी आग्नेयेला जाते, मग मोठा वळसा घेऊन पश्चिमेकडे फिरते. केलाँग या जिल्ह्याच्या ठिकाणापासून सात-आठ किलोमीटरवर तांदी नावाचे गाव आहे, तिथे दोघींची गाठ पडते. तिथली लोककथा मात्र भागाला पुरुष मानते. चंद्रा ही चंद्राची मुलगी आणि भागा हा सूर्याचा मुलगा. दोघांनी लग्नाआधी डोंगराला फेरी घालून भेटायचे ठरवले आणि भेट झाली ती तांदीला. लाहौली माणसे आपल्या माणसांच्या अस्थी याच संगमावर सोडतात. पुढे ही चंद्रभागा चिनाब होते आणि सिंधूला मिळून अरबी समुद्रात जाते. आपली चंद्रभागा कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. नाव एक, समुद्र दोन.

आता थोडे आकडे. सणासुदीच्या दिवशी आकडे नकोत हे मला समजते, पण हे दोनच ऐका. या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडेसे कमी. आणि लोकसंख्या? २०११ च्या शिरगणतीत ३१,५६४! त्याच शिरगणतीत पुणे जिल्ह्याची माणसे ९४ लाखांवर होती. तिकडे चौरस किलोमीटरला माणसे दोन. आमच्या चाळीत एका नळाला बारा होती.

इतकी विरळ वस्ती का, याचे उत्तर भूगोलात आहे. दक्षिणेला पीर पंजालची रांग आडवी उभी आहे. पावसाळी ढग कुलू-मनालीला भिजवून तिथेच रिकामे होतात. पलीकडे पोचते ती बहुतेक नुसती हवा. लाहौलला पाणी मिळते ते हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या बर्फाचे. ते उन्हाळ्यात वितळते, पाटांनी शेतात येते आणि वर्षाकाठी एक पीक पदरात पडते. रोहतांग या रांगेतच आहे, उंची ३,९७८ मीटर. नावाचा अर्थ प्रेतांचा ढीग असा सांगतात. तिथल्या हिमवादळात सापडलेल्यांची संख्या पाहता हे नाव कुणी गमतीने ठेवले असेल असे वाटत नाही.

जिल्ह्याच्या नावातली आडवी रेघही मोठी गमतीची आहे. लाहौल आणि स्पिती यांच्यामध्ये साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड आहे आणि तीही हिवाळ्यात बंद. तेव्हा केलाँगच्या माणसाला आपल्याच जिल्ह्यातल्या काझाला जायचे तर कुलूकडे उतरून, सतलजच्या खोऱ्याने किन्नौरमार्गे वर चढावे लागते. म्हणजे घरातल्या माजघरातून स्वयंपाकघरात जायला गावाला वळसा!

असला जोड कुणी जमवला? इतिहासाने. सातव्या शतकातल्या ह्युएन त्संगाच्या प्रवासवर्णनात कुलूच्या उत्तरेला लाहौलचा उल्लेख सापडतो. पुढे त्यावर कधी लडाखची सत्ता चाले, कधी कुलूची. स्पिती म्हणजे 'मधला देश'. तो लडाखच्या छायेत होता. १८४६ साली शिखांशी झालेल्या युद्धानंतर इंग्रजांनी लाहौलबरोबर स्पितीही आपल्याकडे घेतला. बर्फाच्या या ओसाड दरीवर त्यांचे एकाएकी प्रेम बसले नव्हते. तिबेटातल्या शालींच्या लोकरीकडे जाणारी वाट जम्मूच्या गुलाबसिंगाच्या मुलखातून जाऊ नये, एवढाच हिशेब होता. दोन्ही प्रदेश कांगडा जिल्ह्यात कुलूच्या पदराला बांधले गेले. १९६० साली त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा ते पंजाबात होते. १ नोव्हेंबर १९६६ ला ते हिमाचलमध्ये आले.

बंद दाराच्या आत काय काय जपले गेले, ते मी पहिल्या खेपेस डोळे भरून पाहिले, हे खरेच आहे. स्पितीतला ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. बाहेरून पाहाल तर मातीच्या ठेंगण्या भिंती, आपल्याकडच्या धान्याच्या कोठारासारख्या. आत अंधारात डोळे सरावले की भिंतींवरची चित्रे हळूहळू पुढे येतात. हजार वर्षांचे रंग! १९७५ च्या भूकंपाने धक्का दिला, तरी ते टिकले. लाहौलमध्ये त्रिलोकनाथाचे देऊळ आहे. तिथल्या एकाच मूर्तीला हिंदू शिव म्हणून हात जोडतात आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून. दोघांचेही नवस तिथे चालतात.

पण दार पूर्ण बंद कधीच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मोरेव्हियन पंथाचे जर्मन मिशनरी केलाँगला येऊन राहिले. धर्मांतरे फारशी झाली नाहीत, पण त्यांचा बटाटा रुजला आणि त्यांच्या बायकांनी शिकवलेले मोजे विणणेही रुजले. त्यांच्यातल्या येश्के नावाच्या पंडिताने तिथे बसून तिबेटी भाषेचा अभ्यास केला आणि पुढे मोठा कोश रचला. थंडीमुळे रोग पसरवणारा मावा तिथे कमी, म्हणून लाहौलच्या बटाट्याला बियाण्यासाठी देशात मागणी आली. आणि १९४८ च्या हिवाळ्यात लेह संकटात असताना, बर्फाने भरलेली झोजीला ओलांडून जी छोटी तुकडी तिकडे पोचली, तिच्या पुढे होते लाहौलचेच पृथ्वीचंद आणि खुशालचंद. दोघांनाही महावीरचक्र मिळाले.

एवढे सगळे पाहून मी ते वाक्य लिहिले.

नंतर ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून काढलेला अटल बोगदा सुरू झाला. लांबी नऊ किलोमीटर, मनाली ते केलाँगचे अंतर ४६ किलोमीटरांनी कमी. वर्तमानपत्रात वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो, 'संपले! दिवा विझणार.' २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे पुन्हा गेलो ते थोडेसे सुतकी चेहऱ्यानेच. पहिल्या खेपेस रोहतांगच्या चिखलात जीप रुतून पूर्ण दिवस गेला होता. या खेपेस सौभाग्यवतींनी मनालीला तोंडात टाकलेली लवंग संपायच्या आत आम्ही पलीकडे होतो, असे त्या सांगतात. लवंगेचे सोडा, पण फरक तेवढाच होता.

केलाँगला पूर्वीच्याच घरी उतरलो. यजमान निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना मास्तरजी म्हणतो. रात्री लोखंडी तंदूरभोवती बसलो असताना मी मोठ्या ऐटीत माझे ते वाक्य हिंदीत करून ऐकवले आणि पुस्ती जोडली, "मास्तरजी, बोगद्याने तुमचे फार नुकसान केले."

मास्तरजींनी तंदूरमध्ये एक लाकूड सारले. थोड्या वेळाने म्हणाले, "भाईसाहेब, हा प्रश्न आम्हाला उन्हाळ्यात येणारी माणसेच विचारतात."

मग त्यांनी १९९८ सालचा जानेवारी सांगितला. धाकटी मुलगी सहा वर्षांची. पोटात दुखू लागले. केलाँगच्या डॉक्टरांनी सांगितले, शस्त्रक्रिया लागेल, खाली न्या. खाली म्हणजे खिंडीपलीकडे. खिंड बर्फाखाली. हवा उघडली तरच हेलिकॉप्टर येणार. रोज सकाळी मुलीला घोंगड्यांत गुंडाळून मैदानावर न्यायचे, आभाळाकडे पाहायचे आणि दुपारी परत आणायचे. पाचव्या दिवशी आभाळ निळे झाले. "हेलिकॉप्टर आले," मास्तरजी म्हणाले, "पण मुलगी आदल्या रात्रीच गेली होती."

तंदूरमधली लाकडे तडतडत होती. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले नाही, हे बरे झाले.

"दार जड होते, ते खरेच," मास्तरजी अगदी मऊ आवाजात म्हणाले. "पण ते आम्हाला आतून उघडता येत नव्हते."

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला तांदीला घेऊन गेले. भागेचे आणि चंद्रेचे पाणी एकमेकांत मिसळताना पाहत आम्ही उभे राहिलो. मुलीच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या. त्यांनी ते सांगितले नाही, मीही विचारले नाही. ते पाण्याशी वाकले, तेव्हा समजले.

परतताना ते आपण होऊन बोगद्याबद्दल बोलू लागले. त्यांना त्याचे दोषही ठाऊक होते. मोटारींच्या रांगा, नदीकाठचा कचरा, रात्री-अपरात्रीचा गोंगाट. आभाळही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२१ च्या जुलैत तोजिंग नाल्याला अचानक लोंढा आला आणि माणसे वाहून गेली. सिस्सूच्या वर घेपांग हिमनदीपाशी वितळत्या बर्फाचे तळे वाढते आहे, त्याची काळजी आहेच. पण या सगळ्याला उपाय म्हणून पुन्हा दार लावून घ्यावे, असे त्यांच्या बोलण्यात एकदाही आले नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी हसत सांगितली. जानेवारी-फेब्रुवारीत लाहौलमध्ये हालडा आणि फागली हे सण येतात. त्या दिवसांत देवांना शांतता लागते, गोंगाट चालत नाही. तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या सिस्सू भागातल्या गावकऱ्यांनी बैठक घेतली आणि सणाच्या त्या दिवसांत पर्यटकांना बंदी घातली. आजारी माणसाची गाडी मात्र केव्हाही जाते.

पूर्वी बर्फ दार लावी. आता गावकरी लावतात आणि गावकरीच उघडतात.

म्हणून वाचकहो, २०११ सालचे ते वाक्य मी परत घेतो. ज्या शिक्षकांनी ते फळ्यावर लिहिले होते, त्यांना विनंती की त्यांनी ते पुसून टाकावे. दिवा कसा टिकला, याचे कौतुक आपण बाहेरून खुशाल करावे, पण दार किती जड असावे हे आतल्या माणसांनी ठरवायचे आहे. निघताना मास्तरजींच्या पत्नीने आम्हा दोघांना स्वतः विणलेले लोकरीचे मोजे दिले. पुण्याच्या दिवाळीत ते घालण्याइतकी थंडी पडत नाही. तरी हा लेख लिहिताना मी ते पायांत घातले आहेत.