नंबर लागेपर्यंत

'आता कशाला? जायचेच आहे.' आमच्या घरात २००७ सालापासून हे वाक्य घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखे वावरते आहे. भिंतींना रंग द्यायचा विषय निघाला की ते पुढे येते. सोफ्याची फाटलेली खोळ बदलायची म्हटली की ते पुढे येते. परसात नारळाचे रोप लावावे असे २०१२ साली बाबांच्या मनात आले होते, तेव्हाही तेच आडवे आले. नारळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर आपण इथे असणार थोडेच! ते रोप लावले असते तर एव्हाना आम्ही शेजाऱ्यांना नारळ वाटून दमलो असतो.

हकीकत अशी. माझे मामा न्यू जर्सीत असतात. तिकडचे नागरिकत्व मिळाल्यावर त्यांनी सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या सख्ख्या बहिणीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, अर्ज केला. बहिणीबरोबर तिचा नवरा आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले, असे सगळे त्या एका अर्जात बसतात. याला आमच्याकडे 'फाईल टाकणे' म्हणतात. फाईल टाकली तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि ताई सात वर्षांची. आज मी द्वितीय वर्ष कला शाखेत आहे, आणि फाईल अजून तिच्या जागीच आहे.

यात कोणाची लबाडी नाही, की कोणी टेबलाखालून काही मागितलेले नाही. हिशेबच तसा आहे. अमेरिकेने १९४६ साली कायदा करून हिंदुस्थानातून वर्षाला शंभर माणसांना येऊ द्यायचे ठरवले होते. शंभर हजार नव्हे, नुसते शंभर! १९६५ च्या कायद्याने ते दार बरेच उघडले आणि नात्यागोत्याला मान दिला. पुढे १९९० च्या दुरुस्तीने भावंडांच्या गटाला वर्षाला ६५,००० व्हिसा ठरले. ते साऱ्या जगाला मिळून, आणि त्यांत बायकामुलेही धरलेली. शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, हा नियम वेगळाच. २०२३ च्या अखेरीस या एका गटात वाट पाहणारी माणसे वीस लाखांहून अधिक होती. भागाकार ज्याचा त्याने करून पाहावा.

दर महिन्याला तिकडून एक पत्रक निघते, व्हिसा बुलेटिन. कोणत्या गटात कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, एवढेच त्यात असते. बाबा ते पंचांगासारखे पाहतात. २०२२ साली कित्येक महिने आमच्या गटाची तारीख १५ सप्टेंबर २००५ वर खिळून बसली होती. शनी वक्री व्हावा तशी ती कधी कधी मागेही जाते. २०२५ सालच्या बुलेटिनांत २००६ मधल्या तारखा होत्या. म्हणजे आम्ही जवळ आलो आहोत. गेली आठ-दहा वर्षे आम्ही जवळच आलेलो आहोत.

माझे म्हणणे वाट पाहण्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण हा विषय निघाला की शहाणी माणसे लगेच म्हणतात, 'मग सोडून द्या ना तो नाद! इथे काय कमी आहे?' हे बोलणे सोपे आहे. ज्या बहिणीचा एकुलता एक भाऊ सात समुद्रांपलीकडे आहे, जिने गेल्या पंचवीस वर्षांत त्याला चारच भाऊबिजांना ओवाळले आहे, तिला 'नाद' म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. आईला डॉलर नको आहेत. तिला म्हातारपणी भावाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायचे आहे. या इच्छेत हसण्यासारखे काय आहे? माझी तक्रार आहे ती वाट पाहण्याच्या आमच्या तऱ्हेबद्दल. आम्ही दाराशी पिशवी भरून उभे राहिल्यासारखे राहिलो, आणि गाडीची वेळ मात्र कोणालाच ठाऊक नव्हती.

या तऱ्हेची किंमत सर्वांनी सारखी भरली असेही नाही. बाबांना २०१४ साली बढती मिळत होती, पण रत्नागिरीला बदली होती. 'आता कुठे बिऱ्हाड हलवायचे? जायचेच आहे.' बढती नाकारली. तो निर्णय निदान त्यांचा होता. ताईचे तसे नाही. बी.एड. झाल्यावर तिने कायमच्या जागेसाठी खटपटच केली नाही, तासिका तत्त्वावर शिकवत राहिली; कारण जायचेच आहे. एक स्थळ आले होते. मुलगा तिला पसंत होता, तीही त्याला पसंत होती. पण कायद्यातला तो 'अविवाहित' शब्द! लग्न झाले की मुलीचे नाव आईच्या अर्जातून गळते. तेव्हा त्या मंडळींना 'दोनेक वर्षे थांबता का?' असे विचारण्यात आले. ती मंडळी काही वाईट नव्हती. सहा महिने थांबली आणि मग दुसरीकडे जमवून मोकळी झाली.

आता पुढचे ऐका. एकवीस वर्षांची अट कडक असली तरी २००२ सालच्या एका कायद्याने तीत थोडी सवलत ठेवली आहे. अर्ज कचेरीत मंजुरीवाचून जितका काळ पडून होता, तितका मुलाच्या वयातून वजा होतो. आमचा अर्ज तीन वर्षे दोन महिने मंजुरीवाचून होता. ताईला मार्च २०२१ मध्ये एकवीस पूर्ण झाली. त्यात तीन वर्षे दोन महिने मिळवले तर मे २०२४ येतो. मे २०२४ उजाडला आणि मावळला. कोणतेही पत्र आले नाही, कोणी 'तुमचे नाव कमी केले आहे' असे कळवले नाही. बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने वजाबाकी केली आणि ते पान घडी घालून खिशात ठेवले. ताई त्या दिवशी नववी 'ब'चे पेपर तपासत होती. रात्री आई म्हणाली, 'मी तिकडे गेले की तुझ्यासाठी वेगळा अर्ज करीन.' आणि ते खरेही आहे, तशी सोय कायद्यात आहे. म्हणजे दुसरी रांग, अगदी पहिल्या पायरीपासून. ताई म्हणाली, 'नको. मला आता पेपर तपासू दे.'

या प्रकरणात माझा पासपोर्ट चौथा चालू आहे. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे तीन तर एकही शिक्का न बसता म्हातारे होऊन मेले. आईचा जन्म १९६८ चा, आजोळच्या खेड्यातला. गावच्या नोंदवहीत नावाच्या जागी नुसते 'मुलगी' एवढेच लिहिलेले. म्हणून घरातल्या थोर माणसांची प्रतिज्ञापत्रे करून ठेवावी लागली. त्यांतले एक माझ्या मावशीआजीने २०११ साली थरथरत्या हाताने करून दिले. २०२० मध्ये ती गेली. तिची सही फाईलमध्ये आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले आणि आमच्या घरातही आले, तेव्हा आईने सर्वांत आधी माळ्यावर नेली ती ही फाईल. त्यानंतर देवांचा करंडा, त्यानंतर गव्हाचा डबा. शिलाई मशीन मात्र पाण्यात राहिले.

या मशीनबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. फाईल टाकल्यावर वर्षा-दोन वर्षांनी, 'बोलावणे येईपर्यंत तेवढाच वेळ जाईल' म्हणून आईने ब्लाऊज शिवायला घेतले. मग शेजारच्या दोघी शिकायला आल्या. आज गावभागात आणि पलीकडे सांगलीवाडीत मिळून चाळीसेक बायका आईच्या हाताखाली शिकून गेल्या आहेत. तिघींनी स्वतःची दुकाने काढली आहेत. पुरानंतर त्या चाळीसजणींपैकी काहीजणींनी वर्गणी काढून आईचे मशीन दुरुस्त करून आणले. बाबांचेही तसेच. तिकडे बोलायला यावे म्हणून ते रोज सकाळी इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले. ते ऐकून गल्लीतली दहावीची मुले 'काका, आमचा धडा वाचून द्या' म्हणत येऊ लागली. आता दर संध्याकाळी ओसरीवर आठ-दहा डोकी असतात. बाबांचे उच्चार शेक्सपिअरला कळले नसते, पण मुले पास होतात.

आई-बाबांना कोणी विचारले तर ते या सगळ्याला 'टाइमपास' म्हणतात. मला हा शब्द इथे मुळीच पटत नाही. आमच्या घरात जे 'खरे आयुष्य' म्हणून ठरवले होते ते पुढे ढकलले गेले, आणि जे वेळ घालवायला म्हणून केले तेवढेच काय ते उभे राहिले. ज्या कामाचा हिशेब फाईलशी जुळवला नाही, ते काम नीट झाले.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा वर्गात ॲना सेगर्स या जर्मन लेखिकेच्या 'ट्रान्झिट' कादंबरीचा विषय काढला होता. १९४४ साली ती प्रसिद्ध झाली. नाझींपासून पळालेली माणसे मार्सेय बंदरात व्हिसाची वाट पाहत अडकलेली. एक कागद हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपते. लेखिका स्वतः १९४१ मध्ये त्याच बंदरातून निसटून पुढे मेक्सिकोला पोचली. तास संपल्यावर एक मैत्रीण मला म्हणाली, 'अगदी तुमच्या घरासारखे!' मी तिला तिथल्या तिथे सांगितले, नव्हे. त्यांच्या पाठीशी मरण होते. आमच्या पाठीशी घर आहे, गल्ली आहे, शिवाजी विद्यापीठाचे वेळापत्रक आहे. त्यांना थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. आमच्यावर तशी काही सक्ती नव्हती, आणि म्हणूनच आमचे थांबणे मला अधिक खटकते.

जवळचे उदाहरण हवे तर आनंदीबाई जोशींचे आहे. अमेरिकेला जाण्याचा विचार ठरल्यापासून बोटीवर पाय ठेवीपर्यंत त्यांचीही वर्षे गेली. त्या काळी व्हिसाचा अडसर नव्हता. अडवणारे सारे इथलेच होते. पण त्यांनी ती वर्षे नुसती मोजली नाहीत. फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत आपण का जात आहोत ते सांगितले आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या. सभेत उभे राहून बोललेली सतरा वर्षांची मुलगी 'आता कशाला, जायचेच आहे' असे म्हणणारी खास नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, हे सारे माझ्याच घराचे असते तर मी वार्षिकाची पाने अडवली नसती. आपल्या कॉलेजात आता प्रत्येक वर्गात दोघे-तिघे तरी 'जाणारे' असतात. कोणी जर्मनीसाठी भाषेच्या परीक्षा देतो आहे, कोणाचे मन कॅनडावर होते. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली तेव्हा विश्रामबागेतल्या क्लासच्या पायऱ्यांवर मुले कशी बसली होती, ते मी पाहिले आहे. ही मुले स्नेहसंमेलनात भाग घेत नाहीत, ग्रंथालयाचे कार्ड काढत नाहीत. आणि आपणही त्यांना मोजत नाही. एकांकिकेची पात्रे ठरतात तेव्हा 'तो काय, जायचाच आहे' असे म्हणून आपण पुढच्या नावाकडे वळतो. प्राध्यापकही, क्षमा असावी, त्याला प्रकल्प देताना हात आखडता घेतात. माणूस जाण्याआधीच आपण त्याला पोचवून येतो. मग तो वर्ष-दीड वर्ष इथेच हिंडतो आणि त्याला कोणी 'काय करतोस?' असे विचारत नाही. विचारतात ते 'कधी जातोस?'

यातल्या काहींना व्हिसा मिळेल, काहींना नाही. मिळाला तरी ज्या एकांकिकेत त्याने काम केले असते ती तिकडे होणार नाही. आणि तो मध्येच निघून गेला, तर आपले बिघडते काय? आजाऱ्याच्या जागी आपण आयत्या वेळी दुसरा उभा करतोच की!

ताईचे लग्न यंदा ठरले आहे, मुलगा इस्लामपूरचा. ती आता कायमच्या जागांसाठी अर्ज करते आहे. घराला रंग लागला आहे. रंगाऱ्याने भिंत खरवडली तेव्हा पुराच्या पाण्याची रेघ निघाली, ती बाबांनी तशीच ठेवायला सांगितली. माझे नाव अजून फाईलमध्ये आहे. सवलत धरून माझी मुदत २०२९ पर्यंत आहे, आणि बुलेटिनाच्या चालीवरून ते जमेल असे बाबांचे गणित सांगते. आई गेली तर मीही कदाचित जाईन. मामींच्या हातच्या थालीपिठांची आशा मलाही आहे.

पुढल्या वर्षीच्या अंकाच्या संपादक मंडळासाठी मी नाव दिले तेव्हा सरांनी चष्म्यावरून पाहत विचारले, 'पण तू असशील ना?' मी म्हटले, 'सर, मुद्रिते तपासायची कामे आधी द्या. ती जानेवारीतच संपतात.' त्यांनी माझे नाव लिहून घेतले.