मेळाव्याची गर्दी आणि वेम्बलीच्या टाळ्या

तालुक्याच्या बचत गट मेळाव्याची निमंत्रणपत्रिका या आठवड्यात हातात पडली. उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, मग प्रार्थनीय उपस्थिती. नावांनी दोन पानं भरली होती. त्यात बायका चार आणि चौघीही कुणा ना कुणाच्या सौभाग्यवती म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या. ज्यांच्या नावाने मांडव घालायचा त्या ग्रामसंघांच्या अध्यक्षांपैकी एकीचंही नाव नाही. त्यांच्यासाठी तळाची ओळ होती: बहुसंख्येने उपस्थित राहावे. व्हॉट्सअॅपवरचा निरोप जास्त सरळ होता. प्रत्येक गटातून किमान पाच जणी, गाडी आठ वाजता पाराजवळ, जी येणार नाही तिने कारण कळवावं.

मेळाव्यांवर मी किती शाई सांडली आहे ते जुन्या वाचकांना सांगायला नको. फेट्यांवर त्याहून जास्त. ज्या कार्यक्रमात फेटे जास्त तिथे कामाचं बोलणं कमी, हा माझा सिद्धांत कायम आहे. पुरावा मागू नका, एकदा मांडवात जाऊन बसा.

पण पत्रिका वाचताना या खेपेला आठवलं ते लंडनचं वेम्बली. तारीख 7 जून 2000. विमेन्स इन्स्टिट्यूट या इंग्लंड-वेल्समधल्या गावोगावच्या बायकांच्या संघटनेचं अधिवेशन, समोर दहा हजारांच्या आसपास सभासद, आणि भाषणाला पंतप्रधान टोनी ब्लेअर. वर्षभरात निवडणूक येणार हे सगळ्यांना दिसत होतं. भाषण सरकारच्या कामगिरीकडे वळलं तसं सभागृहात चुळबुळ सुरू झाली आणि मग टाळ्या. पण त्या आपल्याकडच्या नव्हेत. एक टाळी, थोडं थांबून दुसरी, पुन्हा तिसरी. पुरे झालं, आता बसा, असं सांगायची ही त्यांची रीत. काही जणी सरळ उठून चालू लागल्या. अध्यक्षीणबाईंना मध्ये पडून पाहुण्यांना बोलू द्या अशी विनंती करावी लागली. प्रचंड बहुमत पाठीशी असलेल्या पंतप्रधानांनी भाषण आटोपतं घेतलं. बायकांचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या व्यासपीठावर पक्षाचा प्रचार चालत नाही, ते आमच्या नियमात आहे.

आता ही काही क्रांतिकारकांची संघटना नव्हे. मुरांबे घालणाऱ्या आणि सभेच्या सुरुवातीला प्रार्थनागीत म्हणणाऱ्या बायका म्हणून सगळा देश त्यांची थट्टा करत आला. शिवाय सरकारशी त्यांचं वाकडंही नव्हतं. 1915 साली वेल्समधल्या अँगलसी बेटावर ब्रिटनमधली पहिली शाखा निघाली. पहिल्या महायुद्धात अन्न पिकवायला बायका हव्या होत्या म्हणून सरकारी शेतीखात्यानेच पुढच्या शाखा काढायला हातभार लावला, अनुदान दिलं. अगदी आपल्या बचत गटांसारखंच. फरक पडला तो लेडी डेनमन नावाच्या पहिल्या अध्यक्षीणबाईंमुळे. (नवरा ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल असताना 1913 मध्ये कॅनबेरा हे राजधानीचं नाव जाहीर करणाऱ्या त्या याच.) सरकारने पैसे द्यावेत, पण शाखा आपला कारभार आपण पाहतील, हा त्यांचा आग्रह. दुसरा आग्रह गुप्त मतदानाचा. हात वर करून निवड करायची म्हटलं की गावच्या जमीनदारीणबाईंच्या विरोधात हात कोण वर करणार? चिठ्ठी टाकायची असेल तर त्यांच्या घरची स्वयंपाकीणसुद्धा मनातलं नाव लिहू शकते. तरीही अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं जमीनदारीणच निवडून येत राहिली, हे सांगायलाच हवं. पण दरवर्षी तिला मतं मागावी लागत. 1926 च्या सुमाराला संघटना सरकारी पैशांतून पुरती मोकळी झाली.

पुढे दुसऱ्या महायुद्धात सरकारने साखर दिली आणि या बायकांनी 1940 ते 1945 या काळात 5,300 टनांहून जास्त फळं मुरवून, डबाबंद करून टिकवली. साखर घेतली म्हणून मिंध्या झाल्या नाहीत. त्याच धामधुमीत, 1943 साली, समान कामाला समान वेतन हवं असा ठराव त्यांनी केला. ठरावाची वाटही बघण्यासारखी. तो एखाद्या खेड्यातल्या शाखेतून निघतो, बाकीच्या शाखा त्यावर आपापल्या गावी बोलतात आणि मग तो राष्ट्रीय सभेत मताला टाकतात. कचऱ्याविरुद्धच्या 1954 च्या असल्याच एका ठरावातून ब्रिटन स्वच्छ ठेवण्याची मोहीम उभी राहिली. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिचं इतिवृत्त कुणाच्या हस्ताक्षरात असतं, ते एकदा बघा.

आपल्या बायकांना हे जमत नाही, असं कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. गटाची बैठक बघा. शाळेच्या ओसरीवर सतरंजी, दहाबारा जणी गोल करून बसलेल्या, पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे. दोघी आल्याशिवाय पैशाला हात लागत नाही. कुणी मुलाच्या फीसाठी पाच हजार मागितले की मागचा हप्ता का थकला, हे तिला तोंडावर विचारलं जातं, आणि विचारणारी बऱ्याचदा तिची चुलतजाऊ असते. एवढं रोखठोक आमच्या जिल्हा बँकेच्या संचालक मंडळात कुणी कुणाला विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. अडतं ते वर. दहा गटांचा ग्रामसंघ झाला, ग्रामसंघांचा प्रभागसंघ झाला, की निवड 'एकमताने' होऊ लागते. पदं फिरती ठेवा असं कागद सांगतो; फिरतात ती आलटून पालटून त्याच तिघींत. गावात गटांचं काम बघणारी सीआरपी ताई मानधनावर, तिच्यावर तालुक्याचा कर्मचारी, त्याच्यावर जिल्ह्याचा. निरोप वरून खाली येतो. खालून वर जातात ते फक्त आकडे आणि फोटो.

उलट गावातलं दारूचं दुकान बंद करायचं आडव्या बाटलीचं मतदान आठवा. 25 टक्के महिला मतदारांचा अर्ज, मग मतदान, आणि दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं आडव्या बाटलीला. नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी. अशी अट आमदारकीला लावली तर विधानसभा निम्मी रिकामी राहील. तरी गावागावांत बायकांनी ती पार केली. ना अनुदान, ना गाडी, ना फेटे. मत गुप्त होतं, म्हणून नवरा दुकानात बसणारा असला तरी तिचं मत तिचंच राहिलं. डेनमनबाईंना हे कळायला वेळ लागला नसता.

संयोजकांनी मेळावा रद्द करावा, असं मी म्हणत नाही. मंडपवाल्याची उचल गेली असेल. फक्त कार्यक्रमपत्रिकेत दोन गोष्टी घालाव्यात. प्रभागसंघाच्या अध्यक्षाची निवड चिठ्ठ्या टाकून, तिथेच, सगळ्यांसमोर मोजून. आणि कुठल्याही एका गटाने आणलेला एक ठराव, त्यावर अर्धा तास चर्चा, मग मतदान. मान्यवरांची भाषणं त्यानंतर. गाड्या पाचला परत निघतात. तोवर वेळ उरला तर.